दातारांचं 'झालं'

दातार खोटं बोलले ते फक्त दोन अक्षरं. पात्रता फेरी संपली होती. मैदानाबाहेरच्या बसथांब्यावर ते गोल्फच्या काठ्यांची पिशवी गुडघ्यांत धरून बसले होते, आणि खिशातला फोन वाजला. बायको होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," दातार म्हणाले.

तिला विचारायचं होतं, निवड झाली का. ते म्हणाले, खेळून झालं. आता यात खोटं कुठे आलं, असा वाद पुढे बसमध्ये ते स्वतःशीच घालत होते, आणि दोन्ही बाजूंनी हरत होते. कारण 'झालं' ऐकल्यावर पलीकडे बायकोने घेतलेला श्वास त्यांना ऐकू आला होता. आनंदाने छाती भरून घेतात तसा श्वास. "अगं, तसं नव्हे" म्हणायला तेवढ्यात जागा होती, भरपूर जागा होती. ते म्हणाले नाहीत. उलट "बस आली, ठेवतो," म्हणाले. बसचा तर पत्ताच नव्हता.

दातार हे काही त्यांचं खरं आडनाव नाही. ते कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, मग सगळं साच्यात शिजवून, घासून, आरशासारखं चकचकीत करून परत पाठवायचं. घराच्याच खालच्या मजल्यावरची दीड खोली म्हणजे कारखाना. फळ्यांवर ओळीने पांढरे जबडे मांडलेले. नवीन माणूस आत आला की दचकतो. आपल्यावर कुणीतरी घाऊक हसतंय असं त्याला वाटतं. प्लास्टरची पांढरी धूळ दातारांच्या भुवयांवर कायमची बसलेली, त्यामुळे तरुणपणीही ते म्हातारे दिसायचे आणि आता, पन्नाशी ओलांडल्यावर, तेवढेच म्हातारे दिसतात.

गोल्फ त्यांच्या आयुष्यात आला तो एका कवळीमुळेच. गावातले एक वयस्क वकील एकदा कारखान्यात भांडायला आले. तक्रार अशी की खालची कवळी जेवताना टिकते, बोलताना टिकते, कोर्टात आरडाओरडा केला तरी टिकते, पण गोल्फचा फटका मारला की तोंडातून बाहेर. "कधी कधी चेंडूच्याही पुढे जाते," वकीलसाहेब म्हणाले. दातारांनी तोंडात बघितलं, सगळं ठीक. मग त्यांनी ठरवलं की हा माणूस फटका मारताना जबड्याचं नक्की काय करतो ते प्रत्यक्षच बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानावर गेले आणि वकिलांच्या समोर, चेंडूपासून हातभर अंतरावर, उकिडवे बसले. बाकीचे खेळाडू खेळ सोडून बघायला आले. वकील जबडा डावीकडे खेचत होते. दातारांनी जागेवरच कवळी कानशीने घासली, पुन्हा बसवली, आणि वकिलांनी फटका मारला. दात तोंडात राहिले.

"आता तू मार एक," खूश होऊन वकील म्हणाले, आणि काठी त्यांच्या हातात दिली.

तो पहिला फटका. नीट बसलेल्या कवळीचे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर पडले की एक स्वच्छ टक् असा आवाज येतो, त्यावरून दातारांना कळतं की काम जमलं. तसाच आवाज आला. चेंडू कुठे गेला हे त्यांनी बघितलंच नाही. ते आवाजच ऐकत राहिले.

त्यानंतर माणूस वाया गेला, असं वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात. काकूंना बोलायचा हक्क आहे, कारण दातारांनी गॅलरीत जाड चादर टांगून तिच्यावर चेंडू मारायचा सराव सुरू केला आणि त्याचे धक्के थेट काकूंच्या पलंगाला पोचायचे. "गाद्या पिंजतोयस का रे?" त्या वरून विचारायच्या. मेणाची सुरी हातात असली तरी दातारांचं मनगट फटक्याच्या दिशेने वळायचं. पहाट मैदानावर, दिवस कारखान्यात, संध्याकाळ चादरीसमोर. बायको आधी फक्त हिशेब आणि पार्सलं बघायची. हळूहळू दात रोवणं तिच्याकडे आलं, मग घासणं, मग डॉक्टरांची बोलणी खाणं. तिने कधी तक्रार केली नाही असं दातार चारचौघांत अभिमानाने सांगायचे. तिला विचारलं असतं तर तिने वेगळं सांगितलं असतं, पण विचारलं कुणी?

पन्नासाव्या वाढदिवशी मित्रमंडळी जमली असताना त्यांनी जाहीर केलं की पंचावन्नच्या आत आपण हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणार. जिंकणं वगैरे नाही, फक्त खेळणार. कुणी हसलं नाही, म्हणून ते आणखी पेटले. त्यासाठी हँडिकॅप पाचवर यायला हवा होता. चांगल्या खेळाडूला जेवढे फटके लागावेत त्यापेक्षा आपल्याला साधारण किती जास्त लागतात, तो आकडा म्हणजे हँडिकॅप. आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. दातारांचा तेव्हा तेरा होता.

मग प्रवास सुरू झाले. दुसऱ्या शहरातल्या क्लबांशी जोड्या-जोड्यांचे सामने असायचे, कुठे चांगला शिकवणारा असायचा, कुठे वाळूचे खड्डे अवघड होते म्हणून मुद्दाम त्यांत पडायला जायचं. बसच्या टपावर पिशवी चढवताना कंडक्टर विचारायचा, "काय वाजवता?" दातार म्हणायचे, "जे सांगाल ते." लॉजच्या खोलीत आरशासमोर ते बनियनवर उभे राहून खांदे फिरवायचे, शेजारच्या खोलीतल्या माणसाला भिंतीतून फक्त मोठमोठे श्वास ऐकू यायचे, आणि सकाळी जिन्यात तो यांच्याकडे जरा अंतर ठेवून बघायचा. मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, ती वर्षातून दोनदा घरी यायची, आणि नेमके तेव्हाच दातार कुठेतरी वाळूत असायचे. पण हँडिकॅप उतरत होता. तेरा, दहा, आठ, सहा. चोपन्नाव्या वर्षी तो पाच झाला, तेव्हा वकिलांनी त्यांना मैदानाच्या मधोमध मिठी मारली.

आता त्या 'दातार' नावाचं सांगते. दात करणारा म्हणून दातार, हे तर आहेच. पण गोल्फमध्ये चेंडू खळगीच्या अगदी जवळ येऊन थांबला, वीतभर अंतरावर, की समोरचा म्हणतो, "दिला." म्हणजे तो शेवटचा छोटा ढकलफटका, ज्याला पट म्हणतात, तो मारायची गरज नाही, गेला असं धरू, उचला चेंडू. दोन जोड्यांचा सामना असेल तर हे नियमातच बसतं. आणि मित्रांच्या रोजच्या खेळात नियम विचारतो कोण? वकील, एक इमारती बांधणारा ठेकेदार आणि दातार असे तिघे रोज खेळायचे. तिघेही सढळ, पण दातारांसारखा दाता नाही. समोरच्याचा चेंडू थांबायच्या आत हे म्हणायचे, "दिला, दिला." म्हणून दुप्पट दातार. मग साहजिकच त्यांनाही मिळायचं. आधी वीतभर, मग हातभर, मग ठेकेदार लांबूनच हात हलवायचा, "अरे, तू काय चुकणार आहेस का? उचल." वेळ वाचायचा, मन राखलं जायचं, खेळ कसा हसतखेळत पुढे सरकायचा. इतकी वर्षं दातारांनी लांब फटके घोटले, वाळूतले घोटले, वाऱ्यातले घोटले. वीतभराचा पट त्यांनी कधी मारलाच नव्हता. घास तोंडात घालायचा सराव कुणी करतं का?

पात्रता फेरीत सुरुवात झकास झाली. सोबत दोघं होते. त्यांतला एक पोस्टात काम करणारा शांत माणूस. स्पर्धेत आपले फटके दुसऱ्याने लिहायचे असतात, दातारांचे हा लिहीत होता. पहिल्या तीन होलवर, म्हणजे पहिल्या तीन खळग्यांना, चेंडू देवाने उचलून ठेवल्यासारखा थेट खळगीत गेला किंवा इतका लांब राहिला की त्याला नीट वेळ घेऊन मारावं लागलं. चौथ्यावर दातारांनी लांबून असा काही पट मारला की चेंडू वळण घेत आला आणि खळगीपासून वीतभर थांबला. पोस्टातला माणूस "वा" म्हणाला. दातार हसले, पुढे गेले, वाकले आणि चेंडू उचलून खिशात टाकला.

 मग पोस्टातल्या माणसाने फार अदबीने, एखाद्याच्या सदऱ्याचं बटण उघडं आहे हे सांगावं तशा आवाजात विचारलं, "सर, हा कुणी दिला तुम्हाला?"

दातारांना क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग कळला. कानांच्या पाळ्या आधी तापल्या, मग मान. "सवयीने," ते म्हणाले. "सवयीने झालं."

"होतं," तो म्हणाला. "उचलल्याचा एक फटका दंड. होता तिथे ठेवा आणि घालवा."

त्यांनी चेंडू परत ठेवला. वीतभर अंतर. काठी मागे नेली, आणि त्यांना जाणवलं की या अंतराला काठी किती मागे न्यायची हे आपल्या हातांना ठाऊकच नाही. मेणात दात रोवताना केसाइतका फरक ओळखणारे हात ते. चेंडू खळगीच्या काठाला लागला, काठावरून अर्धा फिरला आणि पलीकडे येऊन थांबला. पुन्हा वीतभर. दुसरा पट जोरात गेला. तिसरा पडला.

गोल्फमध्ये एखाद्याची अशी फजिती झाली की बाकीचे झाडांकडे बघतात. तो शिष्टाचार आहे. त्या दिवशी दोघांनी खूप झाडं बघितली. कारण पाचव्या होलपासून दातारांना लांबच्या फटक्याच्या वेळीच शेवटचा वीतभर दिसायला लागला.  चेंडू लांबच राहिलेला बरा असं वाटायचं, आणि तो मग लांबच राहायचा. एका होलवर हातभर अंतरावरून त्यांना चार फटके लागले. पोस्टातला माणूस हळूच म्हणाला, "सर, श्वास घ्या." सगळ्यात वाईट ते वाटलं. एक अनोळखी माणूस आपल्याला श्वास घ्यायला शिकवतो आहे आणि तो बरोबर आहे.

चालता चालता त्यांच्या डोक्यात हिशेब उलगडत गेला. पाचचा हँडिकॅप आपला नव्हताच. तो ठेकेदाराच्या हात हलवण्याचा होता, वकिलांच्या मिठीचा होता, आपण ज्यांना दिले त्या सगळ्यांनी परत केलेल्या आहेराचा होता. आपण कुणाला फसवलं नाही, हेही खरं. आणि त्याने काहीच फरक पडत नव्हता. शेवटी पोस्टातल्या माणसाने आकडे एकेक करून वाचून दाखवले, एखाद्या घरी वाईट तार पोचवल्यासारखे, आणि दातारांनी मान वर न करता सही केली. राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याचं तर राहू द्या, त्या दिवशी मैदानावर त्यांच्या खाली कुणी नव्हतं.

त्यानंतर तो फोन.

घरी पोचल्या पोचल्या बायकोला खरं सांगायचं, असं ठरवून ते बसमधून उतरले, तर समोर वकिलांची गाडी. वकीलसाहेब कधी नव्हे ते धावत आले, पिशवी ओढून घेतली आणि म्हणाले की आज पहिल्यांदा माझ्या कवळीचं सार्थक झालं. गाडीत दातारांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वकील म्हणाले, "थकलायस, बोलू नकोस." घरी काकू खाली आलेल्या, ठेकेदार बायकोसह आलेला, डॉक्टरांच्या दवाखान्यातून कुणी पेढे पाठवलेले. बायको नवी साडी नेसली होती. तिने ती स्वतःसाठी घेतली होती आणि वर्षभर तिला नेसायला निमित्त मिळालं नव्हतं. दातार हसत राहिले. लोक ज्या हसण्याचे फोटो काढत होते ते त्यांच्या फळीवरच्या जबड्यांचं होतं. किती फटके मारलेस, असं ठेकेदाराने विचारलं तेव्हा "सांगतो रे नंतर" म्हणून ते पाणी प्यायला आत गेले आणि नळ चालू ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आईने तिला दुपारीच कळवलं होतं. बाबा, मी रजा टाकली, ती म्हणाली, स्पर्धेचे चारही दिवस. कशाला गं, एवढंच दातारांना सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात बायको मेणात दात रोवत बसली होती. दातार समोरच्या स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"काल मी झालं म्हणालो ना," ते म्हणाले. "ते खेळून झालं, असं म्हणालो होतो."

तिचा हात थांबला. सुळ्याचा दात चिमटीत होता. "म्हणजे?"

"निवड नाही झाली. शेवटून पहिला आलो." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, चौथ्या होलपासून.

ती ऐकत राहिली. पटाचं, दंडाचं तिला फार कळलं नसावं, त्यात तिला रसही नव्हता. "मी काय विचारतेय ते तुम्हाला तेव्हा कळलं होतं?" तिने विचारलं.

"कळलं होतं."

"आणि बस? बस तरी आली होती का?"

"नव्हती आली."

तिने दात परत खोक्यात ठेवला. "आता मला सांगा, मी किती जणांना सांगितलं असेल? जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. माझ्या बहिणीला तर मी जरा चढवूनच सांगितलं, ती नेहमी नाक मुरडते म्हणून." तिने खोक्याचं झाकण लावलं. "खोटं तुमचं आणि तोंड माझं वापरलंत."

 हरलो याची दातारांना लाज वाटत होतीच, पण ती मैदानावरची लाज होती, काठ्यांबरोबर पिशवीत भरून आणलेली. ही दुसरी होती.

"मी आज सगळ्यांना—"

"मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली. "ज्याला ज्याला मी सांगितलंय, त्याच्याकडे तुम्ही जायचं. बहिणीकडेसुद्धा. आणि फोनवर नाही."

मग दातार निघाले. काकूंकडे आधी, कारण जिना चढला की त्यांचं दार. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि आता ते गाद्या पिंजणं बंद होणार का एवढंच विचारलं. दातार म्हणाले, सांगता येत नाही. मग कसली आली पश्चात्तापाची गोष्ट, असं पुटपुटत काकूंनी दार लावलं. डॉक्टर म्हणाले, अरे चालायचंच, पण पुढच्या पेशंटला आत बोलावताना त्यांचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. मेहुणीने चहा केला, बिस्किटं दिली, एक अक्षर वाईट बोलली नाही आणि दारापर्यंत सोडायला आली. परतताना दातारांना वाटलं, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ठेकेदार हसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला की पुढच्या वर्षी.

वकिलांकडे ते सगळ्यात शेवटी गेले. वकीलसाहेब बैठकीत आरामखुर्चीत होते, कवळी समोरच्या वाटीत. दातारांना बघून त्यांनी ती तोंडात घातली. ऐकता ऐकता ते एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि वकिलाने मध्ये न बोलणं हे काही बरं लक्षण नव्हतं.

"म्हणजे आम्ही तुला बिघडवलं," शेवटी ते म्हणाले.

"तसं नाही म्हणत मी, साहेब."

"मग कसं म्हणतोस? आम्ही दिले, तू घेतलेस. प्रेमाने दिले."

"मीही प्रेमानेच देत होतो. पण तो पाच माझा नाही. मी क्लबात जाऊन सांगणार आहे, पहिल्यापासून मोजा म्हणून. आणि इथून पुढे मी कुणी दिलेला पट घेणार नाही." दातार थांबले. पुढचं वाक्य त्यांनी वाटेत ठरवलं होतं, आता ते जिभेवर जड झालं. "देणारही नाही."

वकिलांनी जिभेने कवळी हलवून पुन्हा नीट बसवली. "माझा हँडिकॅप अकरा आहे," ते म्हणाले. "या वयात. मी पार्टीला गेलो की सांगतो, अकरा. म्हणजे आता तो पण खोटा?"

"तुमचं मला माहीत नाही. मला माझं माहीत आहे."

"वा. चांगली साक्ष आहे." ते उठले, खिडकीपाशी गेले. "तू खोटं बोललास ते मी एका मिनिटात विसरलो असतो. माणूस घाबरतो. पण तू खरं बोलायला लागलास की त्यात आम्हालाही ओढणार, हे मला नाही आवडलं. उद्यापासून तू तुझ्या वेळेला खेळत जा."

दातारांना वाटलं होतं की खरं सांगितलं की हलकं वाटतं. पायऱ्या उतरताना त्यांना तसलं काही वाटलं नाही. फक्त एक जुना मित्र कमी झाला होता, आणि तो चुकीचं बोलला असंही म्हणता येत नव्हतं.

मुलगी राहिली होती. तिच्याकडे जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, म्हणून बायकोने तेवढ्यापुरती फोनची सूट दिली. दातारांनी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. बायको पॉलिशच्या चाकावर एक कवळी धरून बसली होती. चाकाची घरघर चालू होती म्हणून दातारांना जरा मोठ्याने बोलावं लागलं, आणि लाजिरवाणी गोष्ट मोठ्याने बोलताना ती आणखीच लाजिरवाणी होते. मुलीने ऐकून घेतलं. अरेरे म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही.

"मग रजा रद्द करू?" तिने विचारलं. दुकानात पिशवी हवी का विचारतात, तितक्या सरळ.

ये, म्हणावंसं त्यांना वाटलं. पण हरून आलेल्या माणसाने वर पोरीची चार दिवसांची रजा मागायची, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. "कर," ते म्हणाले. "उगाच वाया कशाला."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चाक थांबलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. "तिने रजा कशासाठी टाकली होती, कळलं का तुम्हाला?"

"स्पर्धा बघायला."

"तिला तुमच्या गोल्फमधलं काय कळतं? तिला चेंडू दिसतसुद्धा नाही एवढ्या लांबून." तिने कवळी पाण्यात बुडवली. "बाबा अमुक दिवशी अमुक ठिकाणी असणार, हे तिला पहिल्यांदाच आधी कळलं होतं. म्हणून टाकली."

दातार फोन हातात धरून बसून राहिले. पुन्हा लावला, तिने उचलला नाही. कामावर गेली असणार. दुपारभर ते एकच साचा घासत होते. संध्याकाळी ती कामावरून सुटल्यावर त्यांनी परत लावला, आणि या वेळी चाक बंद होतं.

"रद्द केलीस का?"

"अजून नाही. का?"

"ये ना. स्पर्धा नाहीये, तरी ये. मी घरी आहे."

 "बघते," ती म्हणाली.

दातारांना त्या शब्दाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा, माझी खोली बघायला ये ना, असं ती जेव्हा जेव्हा म्हणाली होती तेव्हा त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, बघतो. आणि 'बघतो' म्हणून ते इतकी वर्षं बघत राहिले होते. त्यांचे कान पुन्हा तापले, पण या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"मग मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"इथे?"

"हो."

"इथे मैदान नाहीये, बाबा." ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच माहिती देत होती, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

"माहीत आहे," दातार म्हणाले. "मी नुसताच येईन."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते, ती रस्त्याने चालत असावी. "शनिवारी मला काम आहे," ती अखेर म्हणाली. "रविवारी ये. आणि एकटा येऊ नकोस, चुकशील. आईला घेऊन ये, तिला रस्ता माहितीये."

दातारांनी मान वर केली. बायको फळीवरचे जबडे ओल्या फडक्याने झाकत होती, त्यांच्याकडे पाठ करून. ती तिकडे कधी जाऊन आली, किती वेळा, आणि आपण तेव्हा कुठल्या गावात होतो, यातलं काहीही तिला विचारायची त्यांची छाती झाली नाही.